पाद्रीचा साहेब कोण, बिशप की कर्नल?

एका वाचकाने विचारलं आहे: "आमच्या गावातल्या चर्चच्या कोनशिलेवर 'चर्च ऑफ इंग्लंड' कोरलंय आणि फाटकावरच्या पाटीवर 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' लिहिलंय. हा बदल कधी झाला, कसा झाला? बिशप म्हणजे नेमकं काय काम? आणि माझा भाचा सेमिनरीत शिकतोय, त्याला लष्करात पाद्री व्हायचंय. तिथे त्याचा वरिष्ठ कोण असेल, बिशप की कर्नल?"

प्रश्न तीन दिसतात, पण मुळाशी एकच आहे: एखाद्या माणसाला पाळक म्हणून उभं राहायचा अधिकार देतो कोण? मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा (सीएनआय) निवृत्त प्रेस्बिटर, म्हणजे पाळक. नोकरीचा मोठा भाग कॅन्टोन्मेंटच्या चर्चमध्ये गेला, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाशी माझा संबंध जास्त आला. पण आधी बिशप, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही.

लोकांना बिशप दिसतो तो जांभळ्या शर्टात, हातात मेंढपाळाची काठी, गळ्यात क्रूस. प्रत्यक्षात मंडळीतलं बहुतेक काम साधा पाळकच करतो. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, लग्न, मयत, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, यातल्या कशालाच बिशप लागत नाही. बिशपशिवाय अडतं ते तीन ठिकाणी. पाळकाला दीक्षा देताना डोक्यावर हात ठेवणं, मुलामुलींचं दृढीकरण करणं (बाप्तिस्मा झालेल्यांनी जाणत्या वयात आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी), आणि कोणत्या पाळकाने कुठे सेवा करायची याचं परवानापत्र देणं. आणि नवा बिशप करायचा तर एकट्या बिशपचंही चालत नाही, किमान तिघे लागतात. हा नियम इ.स. 325 च्या निकाया परिषदेपासूनचा.

दृढीकरणाचा दिवस ज्याने पाहिला असेल त्याला बिशपपद वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बिशप वर्षातून एकदा मंडळीत येतात. महिनोन्‌महिने प्रश्नोत्तरी पाठ केलेली मुलं दोघं-दोघं करून वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकतात. मुलींच्या डोक्यावर पांढरा रुमाल, मुलांचे नवे बूट करकरतात, आणि मागच्या बाकावरची आजी आपल्या नातवाची पाळी येईपर्यंत उभीच. बिशप प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणतात. मुलाला बाप्तिस्मा त्याच्या गावच्या पाळकाने दिलेला असतो. बिशपच्या हातातून त्याला कळतं की आपलं चर्च या चार भिंतींपुरतं नाही.

बाकी बिशपचा निम्मा वेळ बदल्या, शाळांचे वाद आणि जमिनीचे खटले यांत जातो हेही सांगून टाकतो. बिशप व्हायची हौस असणाऱ्यांनी आधी आठवडाभर धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या भागाच्या, कचेरीत बसून फायली वाचाव्यात.

तिसरं काम, परवानापत्राचं, दिसायला अगदीच कारकुनी. पण ते नीट पाहा. दीक्षा झालेला पाळकसुद्धा दुसऱ्या धर्मप्रांतात तिथल्या बिशपच्या संमतीशिवाय नेमणूक घेऊ शकत नाही. पगार कोण देतो याच्याशी या कागदाचा संबंध नाही. पगार आणि परवाना वेगवेगळ्या हातांत असू शकतात, आणि भारतात अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, चर्चची सुरुवातच अशी झाली.

आपल्याकडे बिशप फार उशिरा आले, पाद्री शंभर वर्षं आधी. मुंबईच्या किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीचा चॅप्लेन, म्हणजे नोकरीवर नेमलेला पाद्री, होता रिचर्ड कॉब. त्याने वर्गणी जमवून अर्धवट पडलेलं चर्च पुरं केलं आणि 1718 च्या नाताळात ते उघडलं. तेच आजचं सेंट थॉमस कॅथीड्रल, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडलं. कलकत्त्याला पहिला अँग्लिकन बिशप आला तो 1814 मध्ये. म्हणजे मधली सगळी वर्षं इथल्या अँग्लिकन लोकांना चर्च होतं, पाद्री होता, पण दृढीकरण नव्हतं आणि नव्या पाळकाला दीक्षाही देता येत नव्हती. पुण्याच्या कॅम्पातलं सेंट मेरीज 1825 मध्ये बिशप हेबर यांनी अर्पण केलं, ते कलकत्त्याहून दौऱ्यावर आले होते म्हणून. त्या काळी कलकत्त्याच्या बिशपचा धर्मप्रांत म्हणजे अख्खा कंपनी मुलूख. मुंबईला स्वतंत्र बिशप 1837 मध्ये मिळाला. पहिले बिशप टॉमस कार, आणि तेही आधी इथेच कंपनीचे चॅप्लेन होते.

हे चॅप्लेन सरकारी नोकर. पगार सरकारी तिजोरीतून, नेमणूक छावणीवर, काम मुख्यतः गोऱ्या पलटणींचं. दर रविवारी चर्च परेड. कुलाब्याचं अफगाण चर्च पाहिलं असेल तर तिथले बाक नीट पाहा. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या आणि 1858 मध्ये अर्पण झालेल्या या चर्चच्या बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. 10 मे 1857 ला मेरठमध्ये उठाव भडकला तो रविवारच्या संध्याकाळी, उपासनेच्या वेळेला. त्यानंतर गोऱ्या शिपायांनी चर्चमध्येही हत्यार जवळ ठेवायचं ठरलं. बोट फिरवलं की खाच लागते. एका हाताशी प्रार्थनापुस्तक, दुसऱ्या हाताशी बंदूक. राज्यसत्ता आणि चर्च किती जवळ बसले होते याचा यापेक्षा उघड पुरावा मला माहीत नाही.

अशा चॅप्लेनचा साहेब कोण? कागदोपत्री दोन. छावणी आणि पगार सरकारचा, परवाना बिशपचा. हेन्री मार्टिन 1806 मध्ये कंपनीचा चॅप्लेन म्हणून आला आणि दानापूर, कानपूर इथे राहिला. नेमणूक गोऱ्यांसाठी, पण कानपुरात तो आपल्या अंगणात रविवारी भिकारी-फकीर जमवून त्यांना हिंदुस्तानीत उपदेश करी. छावणीतल्या साहेबलोकांना हे रुचणं शक्यच नव्हतं. दोन साहेब असलेल्या माणसाला अधूनमधून तिसराही ऐकू येतो, त्याला इलाज नाही.

ही सरकारी गाठ सोडवण्यात मुंबईच्या एका बिशपचा मोठा वाटा आहे, आणि आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांनाही त्याचं नाव फारसं माहीत नसतं. एडविन जेम्स पामर, 1908 ते 1929 मुंबईचे बिशप. भारतातलं चर्च इंग्लंडच्या चर्चचं एक खातं म्हणून राहू नये, त्याने आपले बिशप आपण निवडावेत, यासाठी जे झटले त्यांत ते आघाडीवर होते. 1927 चा इंडियन चर्च कायदा झाला आणि 1 मार्च 1930 पासून इथलं अँग्लिकन चर्च स्वतंत्र झालं. तुमच्या कोनशिलेवरचं 'चर्च ऑफ इंग्लंड' खरं म्हणजे त्याच दिवशी जुनं झालं. पाटी मात्र आणखी चाळीस वर्षांनी बदलली.

आता वेगवेगळ्या चर्चच्या एकत्र येण्याकडे वळतो. ही एकी सैन्याच्या खंदकातून आली असं काही जण सांगतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश सैन्यात 117 चॅप्लेन होते, युद्ध संपलं तेव्हा जवळपास साडेतीन हजार. फ्रान्समधल्या फौजेचा मुख्य चॅप्लेन होता जॉन सिम्स, अल्स्टरचा प्रेस्बिटेरियन. म्हणजे अँग्लिकन पाद्री एका प्रेस्बिटेरियनच्या हाताखाली, ज्याच्या चर्चमध्ये बिशपच नसतो. हे फार दिवस चाललं नाही. 1915 मध्ये खार्टुमचे बिशप ल्युएलिन ग्विन यांना अँग्लिकन चॅप्लेनांसाठी वेगळं नेमलं गेलं. दुसरीकडे बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल अशा लहान चर्चना एकेकटं सैन्यात कोणी विचारत नव्हतं, म्हणून त्यांनी मिळून एक संयुक्त मंडळ केलं. एकाच युद्धात एकीकडे फाळणी, दुसरीकडे जोडणी. मरणाऱ्या शिपायाने पाद्रीला "तू कुठल्या चर्चचा" असं विचारलं नाही हे खरंच, पण सुट्टीवर घरी गेलेल्या पाद्रीच्या वरिष्ठांनी ते विचारलं, हेही तितकंच खरं.

भारतातली एकी मात्र खेड्यांतून आली असं माझं मत आहे. नगर जिल्हा घ्या. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 पासून. 1870 च्या दशकात अँग्लिकनांचं एसपीजी मिशन तिथेच आलं. मग एकाच गावात, कधी एकाच वस्तीत, एक घर अमेरिकन मिशनचं आणि शेजारचं घर एसपीजीचं. दोघेही एकाच जातीतून आलेले, सोयरीक एकमेकांत, पण प्रभुभोजन वेगळं. सासरी गेलेल्या मुलीने माहेरच्या चर्चमध्ये भाकर-द्राक्षारस घ्यावा की नाही हा प्रश्न इंग्लंड-अमेरिकेतल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या भांडणातून नगरच्या अंगणात आला होता. आपली म्हातारी माणसं म्हणायची, भांडण त्यांचं आणि वाटणी आमची!

1919 च्या मे महिन्यात तरंगंबाडीला, म्हणजे जुन्या डॅनिश ट्रँकेबारला, 33 पाळक जमले, जवळजवळ सगळे भारतीय. पुढाकार दोर्णकलचे बिशप अझरय्या यांचा. 1912 मध्ये बिशप झालेले ते पहिले भारतीय अँग्लिकन. ज्या फाटाफुटीला आम्ही कारण नाही ती आमच्यावर लादली गेली आहे, असं त्या सभेने स्वच्छ म्हटलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये लॅम्बेथला जगभरच्या अँग्लिकन बिशपांची परिषद झाली आणि तिने सगळ्या ख्रिस्ती लोकांना एकीचं आवाहन केलं. त्या कामात पामर होते, आणि पुढे दक्षिण भारताच्या योजनेतही त्यांनी बराच मेंदू खर्च केला.

अडलं कुठे? बायबलवर नाही, येशूवर नाही. बिशपवर अडलं. अँग्लिकनांनी 1888 मध्येच ठरवलं होतं की एकी करायची तर चार गोष्टी हव्यात: पवित्र शास्त्र, जुने विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली विधानं), बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार, आणि परंपरेने आलेलं बिशपपद, स्थानिक परिस्थितीला जुळवून घेतलेलं. पहिल्या तिन्हींवर प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल लगेच हो म्हणाले. चौथीला म्हणाले, आमच्या पाळकांवर बिशपने हात ठेवलेला नाही. मग इतकी वर्षं त्यांनी दिलेलं प्रभुभोजन खोटं होतं का?

या प्रश्नाला 'हो' म्हटलं तर समोरच्याचा अपमान, 'नाही' म्हटलं तर बिशपची गरज काय? यातून दक्षिणेने एक वाट काढली आणि उत्तरेने दुसरी. माझ्या मते अख्ख्या एकीच्या इतिहासात अभ्यासावं असं काही असेल तर ते या दोन वाटांमध्ये आहे.

दक्षिणेत 27 सप्टेंबर 1947 ला मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. त्यांनी जुन्या कुठल्याच पाळकावर पुन्हा हात ठेवला नाही. जो जसा होता तसा पाळक. फक्त इथून पुढे प्रत्येक दीक्षा बिशपच्या हातून. म्हणजे तीसेक वर्षांत जुनी पिढी निवृत्त होईल आणि प्रश्न आपोआप विरेल. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमधून आलेले लेस्ली न्यूबिगिन त्या दिवशी मदुरा-रामनाडचे बिशप झाले. ज्यांच्या परंपरेत बिशप नाही त्यांच्यातलाच माणूस बिशप! किंमतही मोजावी लागली. 1948 च्या लॅम्बेथ परिषदेने या चर्चला पुरती मान्यता दिली नाही आणि कित्येक वर्षं ते अँग्लिकन परिवाराबाहेर राहिलं. नंद्यालच्या बऱ्याच अँग्लिकन मंडळ्यांनी तर यात यायचंच नाकारलं.

उत्तरेत लोक जास्त सावध होते. बोलणी 1929 पासून चालू, एकी झाली 29 नोव्हेंबर 1970 ला, आपल्या नागपुरात, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. सहा चर्च एकत्र आले: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (नगरचं अमेरिकन मिशन यातलंच), बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. इथे सुरुवातीलाच सगळ्या पाळकांच्या सेवा एका विधीने जोडल्या. निरनिराळ्या चर्चच्या प्रतिनिधींनी एकमेकांवर हात ठेवले आणि प्रार्थना केली ती अशा अर्थाची, की या मोठ्या सेवेसाठी ज्याला जे हवं ते देवाने द्यावं. कोणाला काय कमी होतं हे मुद्दाम उच्चारलं नाही. अँग्लिकनाला वाटलं तर त्याने मानावं की समोरच्याला बिशपचा हात मिळाला. काँग्रिगेशनल पाळकाने मानावं की माझ्या सेवेचं क्षेत्र वाढलं. टीकाकार याला लपवाछपवी म्हणाले. मला तो शहाणपणा वाटतो. देवाच्या हिशेबातली बाकी आपण मांडू नये.

बॅप्टिस्टांचा पेच वेगळा होता. ते बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. तिथे दोन्ही पद्धती चालू ठेवल्या. एकाच चर्चमध्ये एका घरात बाळाच्या कपाळावर पाणी आणि दुसऱ्या घरात वयात आल्यावर पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. नागपूरहून परतलेल्या जुन्या पाळकांना यावरून गावात किती प्रश्न आले असतील याची कल्पनाच करा.

आणि अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या क्षणी मागे फिरले. त्यामुळे आजही पुण्या-मुंबईत सीएनआयच्या चर्चपासून जवळच मेथडिस्ट चर्च दिसतं, त्यांचे बिशपही वेगळे. महाराष्ट्रात सीएनआयचे मुंबई, पुणे, नाशिक, मराठवाडा, कोल्हापूर आणि नागपूर असे धर्मप्रांत आहेत. एकीने मालमत्तेची भांडणं मात्र मिटली नाहीत, उलट काही नवी जन्मली. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळ्यांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. उपासना एकत्र करणं सोपं, सातबारा एकत्र करणं कठीण.

आता तुमच्या भाच्याकडे येऊ.

आधी एक गैरसमज काढून टाका. आजच्या भारतीय सैन्यातला पाद्री हा कंपनीच्या त्या चॅप्लेनचा वारस नाही. ब्रिटिश सैन्यात आजही चॅप्लेन कमिशन्ड अधिकारी असतो, त्यांचं स्वतंत्र चॅप्लेन खातं 1796 पासून आहे आणि सैन्यासाठी एक अँग्लिकन बिशप नेमलेला असतो. आपल्याकडे तसं नाही. आपला पाद्री पलटणीतल्या पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्या रांगेतला. सैन्याच्या भाषेत तो धर्मगुरू, हुद्दा नायब सुभेदार, म्हणजे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर). या सगळ्यांचं प्रशिक्षण पुण्यातल्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये होतं, आणि तिथे पाद्री पंडिताच्या शेजारी बसून शिकतो. मला ही व्यवस्था जुनीपेक्षा चांगली वाटते. साहेबाचा पाद्री जवानापासून चार हात दूर होता, सुभेदार पाद्री लंगरात त्याच्याबरोबर जेवतो.

कामाची यादी भरतीच्या जाहिरातीतच असते: पलटणीच्या प्रार्थनास्थळी उपासना, अंत्यविधी, इस्पितळातल्या आजाऱ्यांची भेट, शिक्षा भोगणाऱ्या जवानांची भेट, मुलांना धर्मशिक्षण. यातलं शिक्षा भोगणाऱ्यांना भेटणं बाहेरच्या कोणाच्या डोक्यातच येत नाही. मी ओळखत असलेले पाद्री सांगत, खरी सेवा तिथेच होते, कारण तिथे बाकी कोणी जात नाही.

एकीचा कस इथे लागतो. पलटणीत नागा जवान बॅप्टिस्ट, मिझो प्रेस्बिटेरियन, केरळचा सुभेदार सिरियन परंपरेचा, रांचीकडचा शिपाई लुथरन नाहीतर कॅथलिक, आणि पाद्री एक. आमच्या छावणीत एका नागा जवानाचा अपघाती मृत्यू झाला. शवपेटी विमानाने घरी जायची होती, त्याआधी इस्पितळाच्या आवारात छोटी उपासना. युनिटचे पाद्री रजेवर, म्हणून मला बोलावणं आलं. माझ्या हातात सीएनआयचं उपासनापुस्तक, त्याच्या दोस्तांना त्यातलं एक वाक्यही ओळखीचं नाही. मी पुस्तक मिटलं, स्तोत्र 23 वाचलं आणि म्हटलं, आता तुम्ही गा. सहा-सात पोरं, चार आवाजांत, त्यांच्या भाषेत गायली. केरळचे सुभेदार टोपी काढून उभे. सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, शीख, तेही शेवटपर्यंत थांबले. त्या वेळी माझ्या परवान्यावर कुठल्या बिशपची सही आहे हे कोणीच विचारलं नाही. पण ती सही नसती तर मला फाटकातून आत बोलावलंच नसतं.

म्हणून कर्नल की बिशप या प्रश्नाचं माझं उत्तर असं. कुठे राहायचं, कधी हजर व्हायचं, कोणता गणवेश, कुठली पोस्टिंग, सुट्टी किती, हे सगळं कर्नल सांगेल आणि ते ऐकावंच लागेल. काय उपदेश करायचा, बाप्तिस्मा कोणाला द्यायचा, कबुलीजबाबात ऐकलेलं कोणाला सांगायचं नाही, हे कर्नलच्या हातात नाही. तिथे दीक्षेच्या वेळी दिलेलं वचन चालतं. दोन्ही साहेबांचे हुकूम समोरासमोर येण्याची वेळ क्वचितच येते, आणि समंजस सीओ ती येऊ देत नाही. जिनिव्हा करारांनुसार धर्मसेवकाला युद्धात संरक्षण आहे, कारण तो लढणारा मानलेला नाही. त्याची पट्टी सैन्याची असली तरी काम सैन्याचं नाही, हे शत्रूनेसुद्धा मानावं अशी ती अपेक्षा आहे.

आणि सैन्यालाही बिशप लागतो हे भाच्याला जाहिरात दाखवून सांगा. पाद्रीच्या पात्रतेत पदवीबरोबर स्पष्ट अट असते: योग्य चर्च-अधिकाऱ्याकडून दीक्षा झालेली असावी आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत नाव अजून चालू असावं. म्हणजे नुसती सेमिनरीची पदवी पुरत नाही. आधी धर्मप्रांतात डिकन (दीक्षेची पहिली पायरी), मग प्रेस्बिटर, मग अर्ज. त्यातही सैन्यात जायचंय हे बिशपसाहेबांना आधीच सांगून ठेवावं. मागाहून कळलं तर त्यांना एक पाळक गमावल्याचं दुःख होतं आणि शिफारसपत्र लांबतं.

पाद्रींच्या जागा एका भरतीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघतात. शारीरिक चाचणीत सोळाशे मीटर धावावं लागतं, तेव्हा सेमिनरीत असतानाच सकाळी पळायला सुरुवात करू दे. वयाची अट जाहिरातीगणिक बदलते, ती पाहूनच बेत आखावा. आणि तो बिशप नसलेल्या स्वतंत्र मंडळीतला असेल तर 'स्थानिक बिशप' ही अट त्याच्या बाबतीत कोणाच्या सहीने पुरी होईल, हे अर्ज भरण्याआधी भरती कार्यालयातून लेखी विचारून घ्यावं.